भाग ३७ : छत्रपतींची अबदागिरी, पेशव्यांची फौज

हा भाग कासुर्डीतूनच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऐकताना मधेच सोलापूर रोडवरच्या ट्रकचे हॉर्न आले असतील तर सांभाळून घ्या. टोलनाका जवळ आहे, त्याला इलाज नाही. लेखी उतारा मागणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे तो खाली देतोय. बोलण्यातलं थोडं काटछाट करून, थोडं तसंच ठेवून.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की पानिपतावर लढलेली फौज नक्की कुणाची होती? पेशव्यांची, असं आपण पटकन म्हणतो. मी उलट विचारतो. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचा छत्रपती कोण होता? बघा, दहातल्या नऊ जणांना नाव आठवणार नाही. भाऊसाहेब आठवतात, विश्वासराव, दत्ताजी, इब्राहिमखान गारदी, सगळे आठवतात. ज्याच्या नावाने हे सगळे लढत होते तो राजा मात्र आठवत नाही. त्याचं नाव रामराजा, आणि तो त्या वेळी साताऱ्यात होता. नुसता मुक्कामी नव्हता. १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला किल्ल्यावर अडकवलं होतं, आणि पानिपत झालं तरी त्याची परिस्थिती फारशी बदललेली नव्हती.

म्हणजे अटकेपार गेलेल्या फौजेचा सर्वोच्च धनी स्वतः अटकेत. आजचा विषय हाच. राजा सैन्याचा धनी असतो म्हणजे नेमका काय असतो?

याचं सगळ्यात बोलकं चित्र आमच्या भागातच आहे, कोरेगाव भीमाला. कासुर्डीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, मधे मुळा-मुठा आणि भीमा. १ जानेवारी १८१८ ची लढाई. ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. बरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची पलटण, ज्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. सगळे मिळून आठशेच्या आसपास. रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी पोचतात तर पलीकडे बाजीरावाची फौज, अठ्ठावीस हजारांच्या घरात. दिवसभर गावाच्या गल्ल्यांत लढाई झाली. अन्न नाही, नदी समोर असून पाणी नाही. रात्री पेशव्यांच्या फौजेने माघार घेतली. पुढे तिथे जयस्तंभ उभा राहिला, १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि १ जानेवारीला आज लाखो लोक का येतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर स्वतंत्र भाग करायचाच आहे, आज त्यात शिरत नाही.

आज मला नदीच्या या बाजूला बघायचंय. लांबवर उंचवट्यावर दुसरा बाजीराव बसून लढाई बघतोय, आणि त्याच्या शेजारी एक चोवीस वर्षांचा तरुण बसलाय. हा प्रतापसिंह, साताऱ्याचा छत्रपती. नात्याने बघायला गेलं तर बाजीराव त्याचा नोकर, मुख्य प्रधान. प्रत्यक्षात प्रतापसिंहाला आणि त्याच्या घरच्यांना वासोट्याच्या किल्ल्यावर ठेवलेलं होतं आणि युद्ध पेटल्यावर तिथून छावणीत आणवलं होतं. इंग्रजांच्या हाती राजा लागू नये म्हणून.

ग्रँट डफने एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवलीय. राजा उघड्यावर बसला की त्याच्या डोक्यावर अबदागिरी धरायची रीत होती. त्या दिवशी बाजीरावाने विनंती केली, महाराज, आज अबदागिरी नको. का? तर इंग्रजांनी ती बघून तोफ डागली तर! ग्रँट डफ पुढे साताऱ्याला प्रतापसिंहाच्याच दरबारात कंपनीचा प्रतिनिधी होता, म्हणजे ही गोष्ट त्याच्या कानावर अगदी जवळून आली असणार.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. राजाचं सैन्य लढतंय, राजा हजर आहे, आणि राजेपणाची एकमेव उरलेली खूण, ती छत्री, तीसुद्धा मिटवून ठेवलीय. बरं, ती राजासाठी मिटवली की शेजारी बसलेल्या प्रधानासाठी, हे तुम्हीच ठरवा.

आता इथवर आपण कसे आलो ते बघू. कारण सुरुवात अशी नव्हती.

शिवाजी महाराजांच्या काळात धनी म्हणजे खरोखरचा धनी. सेनापती अष्टप्रधानातला एक, पण तो महाराजांनी नेमायचा आणि महाराजांनी काढायचा. पन्हाळ्याच्या वेळी नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, सरनौबती गेली. प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला उमराणीला सोडून दिलं, महाराजांनी खरमरीत पत्र लिहिलं, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. राजाच्या एका रागावलेल्या पत्रापायी सेनापती मरणाच्या तोंडात जातो, इतकं त्या हुकुमाला वजन. चारच महिन्यांनी राज्याभिषेक झाला तेव्हा सेनापतीच्या जागी हंबीरराव मोहिते उभे होते. अष्टप्रधानांत पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकीच्यांनाही वेळप्रसंगी लढाईवर जावं लागायचं. पेशवासुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १६८९. संभाजी महाराजांची हत्या, तीही इथेच, तुळापूर-वढूच्या परिसरात. राजधानी पडली, येसूबाई आणि छोटे शाहू कैदेत, राजाराम महाराज जिंजीला. राजा हजारभर किलोमीटर लांब, आणि फौज इथे स्वतःच्या हिमतीवर लढतेय. संताजी घोरपडे औरंगजेबाच्या छावणीत घुसले आणि तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले ही गोष्ट बखरींतून आली आहे, आणि ती छावणीही याच कोरेगाव-तुळापूरच्या पट्ट्यातली. (आमच्या भागात कुठेही खड्डा खणा, इतिहास लागतो. पाणी लागेलच असं नाही.)

माझ्या मते राजा आणि सैन्य यांच्यातली गाठ पहिल्यांदा सैल झाली ती इथे. वाईट हेतूने नाही, गरज म्हणून. सरदार स्वतः फौज उभी करतो, स्वतः मुलूख मारतो, स्वतःच पोसतो. राजाकडून त्याला काय पाहिजे? पैसा नको, कारण राजाकडे तो नाहीच. त्याला पाहिजे किताब, वतन, सनद. तो जे करतोय ते लूट नाही, स्वराज्याचं काम आहे, असं सांगणारा कागद. हा कागद फक्त छत्रपती देऊ शकत होता.

संताजींचंच बघा. १६९६ मध्ये त्यांचं आणि राजाराम महाराजांचं बिनसलं. सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं. आयेवारकुटीला संताजी विरुद्ध धनाजी अशी लढाई झाली आणि राजाराम महाराज धनाजींच्या बाजूला जातीने हजर. संताजींनी लढाई जिंकली. स्वतःच्याच राजाचा पराभव केला! आणि मग काय केलं, तर हात बांधून राजासमोर उभे राहिले. तख्त घेतलं नाही, दुसरा राजा शोधला नाही. वर्षभरात त्यांचाच खून झाला, पण ते हात बांधून उभं राहणं मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. सैन्य राजाला हरवू शकत होतं. राजाशिवाय राहू मात्र शकत नव्हतं.

१७०७ ला शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत धनाजी त्यांना येऊन मिळाले, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. शाहू महाराजांचं लहानपण, तरुणपण मोगल छावणीत गेलेलं. त्यांना स्वतः घोड्यावर बसून मोहिमा करायची हौस नव्हती. एखादी मिरजेसारखी मोहीम सोडली तर ते साताऱ्यातच राहिले. पण माणसं पारखण्यात या राजाचा हात कुणी धरला नसता. इथून पुण्याकडे निघालं की हडपसरच्या अलीकडे मांजरी लागते ना, तिथे १७ नोव्हेंबर १७१३ ला त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिलं. आपण मांजरीचं नाव वाहतूक कोंडीसाठी घेतो, पण शंभर वर्षांची पेशवाई त्या मुक्कामात सुरू झाली.

शाहू महाराजांची पद्धत अशी, की सैन्य एकाच्या हातात द्यायचं नाही. तळेगावचे दाभाडे सेनापती. नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा. कुणी सेनाखासखेल, कुणी सरलष्कर. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, फौज वेगळी, आणि प्रत्येकाची सनद साताऱ्याची. कागदावर छान दिसतं. पण १ एप्रिल १७३१ ला गुजरातेत डभईला काय झालं? छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापती समोरासमोर उभे राहिले. बाजीराव विरुद्ध त्र्यंबकराव दाभाडे. दोघंही शाहू महाराजांचे नोकर. त्र्यंबकराव मारले गेले.

आता सांगा, राजाने कुणाला शिक्षा करायची? शाहू महाराजांनी कुणालाच केली नाही. उमाबाई दाभाडेंची समजूत घालायला ते स्वतः गेले आणि सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवलं, यशवंतरावांना दिलं. काही लोक याला दुबळेपणा म्हणतात. मला नाही पटत. ज्याच्या हातात स्वतःची अशी मोठी फौज नाही, पण दोन फौजांचे मालक ज्याचा शब्द मोडायला कचरतात, त्याने तो शब्द जपूनच वापरायचा असतो. मात्र एक झालं. डभईनंतर सेनापती हे पद होतं, सेनापतीपण गेलं.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याला रामराजाने कारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपवले. त्यानंतरचे छत्रपती म्हणजे रबरी शिक्का, असं सर्रास म्हटलं जातं. इथे मला थांबून वाद घालायचाय. रबरी शिक्का असेल, तर त्याच्यामागे सगळे इतके का धावत होते?

वस्त्रांची पद्धत बघा. पेशव्याच्या पोटी जन्मलात म्हणून पेशवे होत नाही. साताऱ्याहून वस्त्रं यावी लागतात. त्याबरोबर शिक्काकट्यार, जरीपटका. जरीपटका म्हणजे फौजेचं निशाण, ज्याच्यामागे घोडदळ चालतं. शिक्क्यावर आधी छत्रपतींचं नाव, मग पेशव्याचं, आणि त्यापुढे मुख्य प्रधान. पुण्यातून सुटणाऱ्या प्रत्येक कागदावर हा क्रम असायचा.

नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आलेगावला, म्हणजे पुन्हा आपल्या याच शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, रघुनाथराव आणि माधवराव, काका-पुतणे लढले. दोन्ही बाजूंना छत्रपतींचीच फौज. पण वस्त्रं होती माधवरावांकडे, आणि लढाई हरूनसुद्धा पेशवे तेच राहिले. काकांच्या छावणीत ते आपण होऊन गेले, पद मात्र गेलं नाही. नारायणरावांचा खून झाल्यावर ऑक्टोबर १७७३ मध्ये रघुनाथरावांनी वस्त्रं मिळवली. तेव्हा बारभाईंनी काय केलं? सवाई माधवरावांचा जन्म झाला १८ एप्रिल १७७४ ला, पुरंदरावर. बाळ चाळीस दिवसांचं झालं आणि साताऱ्याहून वस्त्रं आली. चाळीस दिवसांचं तान्हं पोर एका साम्राज्याच्या फौजेचं प्रमुख! धाकटं हसतंय की रडतंय हे आईला कळायच्या आत त्याच्या नावाने तोफखाना हलायला लागला. हे हास्यास्पद वाटतं खरं, पण नाना फडणीस हसण्यासाठी काही करणाऱ्यातले नव्हते. त्यांना माहीत होतं, की रघुनाथरावांविरुद्ध सरदारांना उभं करायचं तर वस्त्रांना उत्तर वस्त्रांनीच द्यावं लागेल.

१७९६ मध्ये तर काही महिन्यांच्या अंतराने दोन पेशव्यांना वस्त्रं दिली गेली, आधी चिमाजीअप्पा, मग दुसरा बाजीराव. १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला लढाई जिंकली, पुणं त्यांच्या हातात आलं, पण लगेच खटपट सुरू झाली ती अमृतरावांच्या मुलासाठी साताऱ्याची वस्त्रं आणायची. तलवारीने शहर मिळतं, पद मिळत नाही. नागपुरातही सेनासाहेबसुभा या किताबासाठी मुधोजी आणि साबाजी हे सख्खे भाऊ लढले आणि १७७५ मध्ये पाचगावला साबाजी मारले गेले. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन नावाच्या आयरिश माणसाने नोंदवलंय, की साताऱ्याच्या हद्दीत शिरलं की मोठ्या सरदारांचाही नगारा बंद व्हायचा. लाखाची फौज बाळगणारा माणूस कैद्यासारख्या राहणाऱ्या राजाच्या गावात नगारा वाजवत नाही. गंमत आहे.

याच काळात इंग्लंडात काय चाललं होतं बघा, तुलना करायला बरं. १७४३ मध्ये डेटिंगेनला दुसरा जॉर्ज जातीने लढाईवर होता, आणि तो तसा शेवटचा इंग्लिश राजा. त्यानंतर तिकडचाही राजा समारंभापुरता सेनापती. पण फरक कुठे होता? १६८९ साली, म्हणजे संभाजी महाराज गेले त्याच वर्षी, तिथे लिहून ठेवलं गेलं, की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने खडी फौज ठेवायची नाही. राजाकडून काढलेला अधिकार कुठे गेला हे कायद्यात होतं. आपल्याकडे राजाकडून निघालेला अधिकार एका घराण्यात गेला, आणि त्या घराण्याला विचारणारं कुणी नव्हतं. सांगोल्याचा करार अडचणीत सापडलेल्या एका माणसाने करून दिलेला होता. रियासतीची कुठली सभा त्याच्यामागे नव्हती.

आणि राजाने खरंच हुकूम द्यायचा ठरवला तर? तेही झालं. १७९८ मध्ये पुण्यात गोंधळ होता, नाना कैदेत होते. साताऱ्याच्या धाकट्या शाहू महाराजांनी आणि त्यांचे भाऊ चतुरसिंगांनी संधी साधून साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेतला, माणसं जमवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा छत्रपती स्वतःच्या फौजेचे स्वतः प्रमुख झाले, आणि ही फौज लढली कुणाशी, तर पेशव्यांच्या फौजेशी. परशुरामभाऊ पटवर्धनांना पाठवून ते मोडून काढलं गेलं. चतुरसिंग पुढे कित्येक वर्षं लढत राहिले आणि कांगोरीच्या किल्ल्यात कैदेतच गेले. शाळेच्या पुस्तकात यांना चार ओळी तरी मिळायला हव्या होत्या.

या शाहू महाराजांचा मुलगा म्हणजे आपला कोरेगावचा प्रतापसिंह. घरात काय ऐकत तो मोठा झाला असेल याचा अंदाज करा. बाजीरावापासून सुटायचं म्हणून तो गुपचूप एल्फिन्स्टनशी संधान बांधून होता. आणि एल्फिन्स्टनलाही वस्त्रांचं गणित पुरतं कळलं होतं. ११ फेब्रुवारी १८१८ ला त्याने साताऱ्यात जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाने राजाला कैदेत ठेवल्याचं सांगितलं होतं आणि राजाला राज्य देऊ असं वचन होतं. याचा परिणाम काय? पेशव्याच्या फौजेतल्या माणसाला प्रश्न पडला, की आपण लढतोय ते धन्यासाठी की धन्याला कोंडणाऱ्यासाठी? नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, सोलापूरकडच्या अष्टीला बापू गोखले पडले, बाजीराव पळाला, आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. प्रतापसिंहाच्या दृष्टीने बोलायचं तर सुटका झाली.

एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ चा तह मी मुद्दाम वाचा म्हणेन. त्यात कलम आहे, की कंपनी सरकारला कळवल्याशिवाय आणि त्यांच्या संमतीशिवाय महाराजांनी आपली फौज वाढवायची नाही. आणि कमीही करायची नाही! हे ‘कमीही’ मला फार जिव्हारी लागतं. पेशव्यांनी निदान असलं काही लिहून घेतलं नव्हतं. त्यांच्या काळात सगळी फौज छत्रपतींची होती आणि हुकूम नव्हता. आता थोडी फौज खरंच छत्रपतींची होती, आणि त्यातला एक शिपाई काढायचा तरी साहेबाला विचारा.

प्रतापसिंहांनी राज्य चांगलं चालवलं. रस्ते केले, पाणी आणलं, शाळा काढली. पण मुंबई सरकारशी जहागिरींवरून खटके उडाले, मग कटाचे आरोप आले. माफीपत्रावर सही करा म्हटलं, त्यांनी केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. साताऱ्यात कुणी हत्यार उचललं नाही.

त्यांच्याबरोबर आपण होऊन जो माणूस निघाला तो त्यांचा नातलग आणि राज्याचा सेनापती, बाळासाहेब राजेभोसले. मागे फौज नाही, पुढे मोहीम नाही. नेताजी, प्रतापराव, हंबीरराव, संताजी, धनाजी ज्या पदावर होते त्या पदावरचा माणूस राजाच्या मागोमाग काशीच्या वाटेला लागला. वाटेतच बाळासाहेब वारले. त्यांचा मुलगा प्रतापसिंहांनी दत्तक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं शाहू.